मूळ वाडा नेमका कोणता?

चि. रेवा,

अनेक आशीर्वाद.

आपल्या वाड्याच्या दुरुस्तीची तू पाठवलेली चित्रं मोबाइलवर मोठी करकरून पाहिली. काम स्वच्छ आहे, तुझ्या त्या आर्किटेक्ट मित्राला तसं सांग. दर्शनी बाजूला लाकडी महिरपी, खांबांना सुरूच्या झाडाची नक्षी, वर कोरीव सज्जा आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘वाडा, मूळ रूपात’. हे मूळ रूप त्याला मिळालं कुठे, एवढंच विचारायचं होतं. आपल्या घराला महिरप कधी नव्हती. ती विश्रामबागवाड्याची आहे, आणि तिथे ती शोभते.

फोनवर हे सांगायला घेतलं की मधेच तुझी मीटिंग येते, म्हणून लिहिते आहे. तुम्ही सगळी चुलत भावंडं एकदाची दुरुस्तीला राजी झालात, याचा आनंद आहेच. नारायण पेठेत आता जुनी घरं राहिली आहेत किती! पण पहार चालायच्या आत हे घर तू वाचावंस असं मला वाटतं. मी आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर लोकांची घरं काढली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेही घर डोळ्यांनी मोजतेच आहे.

आधी विश्रामबागवाड्याचं घे, कारण सगळे त्याचीच नक्कल करतात. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीरावाची रवानगी बिठूरला झाली. म्हणजे राजवाडा म्हणून तो जेमतेम दहा-बारा वर्षं नांदला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. तेव्हाच पेशव्यांचा बुधवारवाडाही जळाला आणि तो पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाड्याचा जळका भाग मात्र लोकवर्गणीतून नव्याने उभारला. पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली, पोस्ट आलं, ग्रंथालय आलं. आता सांग, यातला मूळ वाडा कोणता? बाजीरावाचा म्हणशील तर पाठशाळेसाठी झालेले फेरफार काढून टाकावे लागतील, आणि आगीनंतर लोकांनी पैसे घालून बांधलं तेही नकली ठरेल. दोनशे वर्षांतली पहिली दहा-बारा तेवढी खरी आणि बाकीची खोटी, हा हिशेब मला पटत नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. घरात सांगतात तो इतिहास तुला पाठ आहे: पेशव्यांच्या दफ्तरात कारकुनी, बक्षीस मिळालेली जागा, त्यावर वाडा. पाहुणा आला की भाऊकाका जोत्याच्या दगडावर काठी आपटून ‘हा सवाई माधवरावांच्या वेळचा’ म्हणून सांगतात. जोत्यापुरतं त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. घडीव दगड, सांध्यात सुरीचं पातं जात नाही. पण जोत्यावर आज जे उभं आहे ते सगळं त्या वेळचं नाही, आणि हे घरच सांगतं.

ओसरीवरचे चार खांब बघ. चौघांचे तळखडे, म्हणजे खांबांखालचे दगड, एकाच घडणीचे आहेत, खांब मात्र नाहीत. डावीकडच्या दोघांवरून हात फिरव. वाकसाने तासल्याचे उथळ घाव लाटेसारखे बोटांना लागतील. उजवीकडचे दोन सरळ, करवतीचे. शिवाय त्यांच्या अंगात छातीइतक्या उंचीवर चौकोनी खाचा आहेत, ज्यांत आज काहीच बसत नाही. लहानपणी तू त्यांत गोट्या ठेवायचीस. सुतार उगीच खाच पाडत नाही. त्या खाचांत कधीतरी आडवं लाकूड येऊन बसलेलं होतं, म्हणजे ते खांब आधी दुसरीकडे उभे होते. एखाद्या पडक्या वाड्याचे विकत आणले असतील, नाहीतर आपल्याच मागच्या चौकातून पुढे आले असतील. सागवान कोणी टाकत नसे. एका घरातून उतरलेली तुळई दुसऱ्या घरावर चढायची. म्हणून लाकडाच्या वयावरून घराचं वय कधी काढू नकोस.

त्यापेक्षा खिळे बघ. चौकोनी अंगाचा आणि डोक्यावर हातोडीचे ठोके दिसणारा खिळा लोहाराच्या हातचा. गोल अंगाचा, तारेचा खिळा कारखान्याचा आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे सर्रास झाला. माडीवरच्या पाटईत, म्हणजे कड्यांवर (तुळयांवरच्या आडव्या लाकडांवर) ठोकलेल्या फळ्यांत, दोन्ही सापडतात. चौकोनी खिळे भिंतीलगत, गोल खिळे मधल्या खणांत, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत. मधल्या फळ्या कधीतरी बदलल्या एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. या कामात एकच नियम लक्षात ठेव: एखाद्या कामातली सगळ्यात उशिराची वस्तू जेव्हाची, त्याच्या अलीकडेच ते काम झालेलं असतं.

छपराला हाच नियम लाव. आपली कौलं मंगलोरी आहेत. बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे हे छप्पर सवाई माधवरावांनी पाहिलेलं असणं शक्य नाही. त्याआधी कुंभाराची नळीची कौलं असणार. माळ्यावर चढून शेजारच्या सामाईक भिंतीवर बॅटरी मार. गिलाव्यावर एक तिरकी रेघ दिसेल, आताच्या छपराच्या हातभर खाली आणि उताराला कमी. ते जुनं छप्पर. मंगलोरी कौलं आली तेव्हा पणजोबांनी छप्पर उचललं, त्यात माळ्याला डोकं वर काढण्याइतकी उंची मिळाली आणि पुढे तिथे विद्यार्थी ठेवले. आणि हो, कौलाच्या पाठीवर साल उठवलेलं दिसलं तर लगेच हुरळून जाऊ नकोस. पुष्कळदा ते कारखाना स्थापन झाल्याचं साल असतं, कौल भाजल्याचं नव्हे. चांगले शिकलेले लोक त्यात फसतात.

खिडक्या हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे जरा थांबते. माडीवर रस्त्याकडच्या खिडक्यांची कड आज कमरेइतकी आहे. तुझा मित्र ती तशीच ठेवून वर महिरप बसवतो आहे. खिडकीखालचा थोडा गिलावा उकलून बघायला सांग त्याला. चौकटीच्या दोन्ही बाजू खाली जवळजवळ जमिनीपर्यंत गेलेल्या दिसतील आणि मधे विटा भरलेल्या. त्या विटा बाजूच्या विटांत गुंतवलेल्या नाहीत. सांधमोड नाही, सरळ उभी फट आहे. बाजूच्या विटा पातळ, घरंदाज. भरलेल्या मात्र नऊ इंची, साहेबी मापाच्या. असं का झालं? पूर्वी माडीवर बैठक असायची. माणसं गादीवर, लोडाला टेकून बसायची. त्यांना वारा लागायचा आणि रस्ता दिसायचा तो जमिनीजवळच्या खिडकीतून. मग घरात खुर्च्या आल्या, टेबल आलं. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या पायाशी खिडकी काय कामाची? आजोबांच्या वडिलांनी ती खालून भरून घेतली. माणसांची बसायची रीत बदलली आणि भिंतीने ती नोंदवून ठेवली. कागदोपत्री हे तुला कुठेही सापडणार नाही.

कागदांवरून आठवलं. ट्रंकेत नकाशांच्या दोन गुंडाळ्या आहेत. एकीवर म्युनिसिपालिटीचा शिक्का आहे, दुसरीवर महानगरपालिकेचा. पुण्याची महानगरपालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला, त्यामुळे तारीख पुसली असली तरी शिक्क्यावरून अलीकडचा-पलीकडचा निवाडा होतो. दोन्हींत मापं फुटा-इंचांत आहेत. मीटरमध्ये लिहिलेलं आपल्या घराचं एकही जुनं चित्र नाही. सिटी सर्व्हेचा उतारा आणि वाटणीपत्र शेजारी ठेवून हे नकाशे बघ. नकाशात दाखवलं तसंच बांधलं असेल असं मात्र समजू नकोस. मंजुरीचा नकाशा साहेबासाठी असतो. मी असे खूप काढले आहेत.

वाटणीपत्राचं म्हणशील तर ते तुला जमिनीवरच वाचता येईल. वाड्याचं सगळं गणित खणांत असतं. भिंत यायची ती खांबांच्या ओळीत. खणाच्या मधोमध भिंत उगवली की समजावं, हे सुताराचं काम नाही, भावांचं आहे. माजघरातली ती भिंत तशीच. तुझ्या चित्रात ती पुसून ‘मूळ माजघर मोकळं’ केलंय. ती भिंत फडताळावरून गेली आहे हे तुम्ही कोणी पाहिलंय का? फडताळाचं एक दार आपल्या बाजूला आहे, त्याची कडी भाऊकाकांच्या बाजूच्या दाराला लागायची. आता तिथे गिलावा आहे आणि आपल्या दाराला कडी अडकवायला काही नाही, म्हणून आजी त्याला दोरी बांधायची. दोन भाऊ एका फडताळावरही एकमत करू शकले नाहीत, याचा इतका चोख पुरावा मी दुसऱ्या घरात पाहिला नाही.

पण भिंत काढू नये म्हणते आहे ती भावनेपोटी नाही. माडीची मधली तुळई तिथेच तडकलेली आहे. भिंत घातली तेव्हा ती तुळईला लागतही नसेल, नुसता आडोसा होता. पुढे तुळई वाकली आणि भिंतीवर टेकली. आज माडीचा भार त्या चार इंची भिंतीवर आहे. खाली टेकू न देता ती फोडलीत तर माडी खाली येईल. जुन्या घरात मागाहून आलेल्या वस्तू अशा कामाला लागतात. कोण कधी आलं याइतकंच, आज कोणावर कोण टेकलंय हे बघायचं असतं.

पुढच्या बाजूच्या बिऱ्हाडांचं तुला थोडंफार आठवत असेल. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० ला असलेलं भाडं हे प्रमाण भाडं धरलं. भाडं तिथेच अडकलं, कौलं आणि सुतार मात्र महाग होत गेले. मालक म्हणायचे, या भाड्यात मी काय दुरुस्ती करू? भाडेकरू म्हणायचे, घर तुमचं, दुरुस्ती तुमची. दोघंही आपापल्या जागी खरे होते आणि पाणी मधल्या तुळईत मुरत होतं. नवा कायदा १९९९ चा, तो लागू झाला ३१ मार्च २००० ला. तोवर पन्नासहून अधिक वर्षं गेली होती. पुण्यातले वाडे कोणी पाडले म्हणून लोक बिल्डरकडे बोट दाखवतात. माझ्या मते निम्मे वाडे त्याआधीच आतून पडले होते, फक्त उभे दिसत होते.

त्या काळातले फेरफार ओळखायला सोपे आहेत. सज्जाला पत्रे ठोकून केलेली खोली, जिन्याखाली कोळशाची जागा आणि प्रत्येक बिऱ्हाडाला कोपऱ्यात एक मोरी. मोऱ्यांची यादी तेवढी आधी कर. लाकडी माडीवर चौथऱ्याएवढ्या जागेत रोज बादल्या ओतल्या गेल्या. खालून बघशील तर प्रत्येक मोरीखाली कड्यांची टोकं, भिंतीत शिरतात तिथेच, काळी पडून भुसभुशीत झालेली आहेत. पेचकस टोचून बघ. अर्धा इंच आत गेला तर वरवरचं आहे, मुठीपर्यंत गेला तर ती कडी गेली. रंगाऱ्याला आधी बोलावलंत तर तो हे सगळं झाकून टाकेल.

मागच्या चौकाला घरात अजून ‘नवी बाजू’ म्हणतात. ती १९६१ नंतरची. १२ जुलैला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली, आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी फिरलं. आपल्याकडे पांढऱ्या मातीत रचलेल्या मागच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या. छप्पर मात्र लाकडी खांबांवर तसंच राहिलं, भिंतींवाचून. वाडा म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा, भिंती मधे भरलेल्या, हे आजोबांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं असं ते सांगायचे. तरी त्यांचा लाकडावरचा आणि मातीवरचा विश्वास उडाला. सांगाडा उतरवला, सागवान विकलं, आणि लोखंडी तुळयांवर शहाबादी फरशी टाकून वर कोबा केला. दिसायला रुक्ष आहे, तुझ्या मित्राने चित्रात ते सगळं काढून तुळशीवृंदावन मांडलंय. माझं मत विचारशील तर ठेवा. पुराने या शहराचं काय केलं याची आपल्या घरातली ती एकमेव नोंद आहे, आणि गळतही नाही.

तुझी झोपायची खोली हे एके काळी स्वयंपाकघर होतं, हे तुला कोणी सांगितलंय का? तिथल्या तुळईवर कितीही चुना मारला तरी पावसाळ्यात पिवळे-तपकिरी डाग वर येतात. ती चुलीची काजळी आहे. आजीच्या सासूबाईंनी तिथे जमिनीवर बसून रांधलं. स्टोव्ह आला, मग उभ्याने स्वयंपाकाचा कडप्प्याचा ओटा आला आणि स्वयंपाकघर मागे नळाजवळ सरकलं. घराचे मोठे फेरफार पुरुषांच्या नावावर सांगतात, पण पाण्याचा नळ कुठे आला यावरून घराची अर्धी मांडणी ठरली आहे.

काढायचं काय, तेही सांगते. दर्शनी भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढा. कोण्या ठेकेदाराच्या सांगण्यावरून तो आला आणि तेव्हापासून ओल वर चढते आहे. माती-विटांची भिंत जमिनीतलं पाणी ओढणारच. चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून जातं. सिमेंट ते आत कोंडतं, मग ते वाट शोधत वर चढतं आणि क्षार फुलून पापुद्रे सुटतात. पण एकदम सगळीकडे छिन्नी लावू नका. गिलावा घट्ट धरलेला असेल तिथे विटेचं तोंडही उचकटून येतं. कोपऱ्यात हातभर जागेत करून बघा. नंतर चुनाच करा, नीट भिजवून मुरवलेला. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळवणं हेच या दुरुस्तीतलं सगळ्यात अवघड काम असेल, तेव्हा शोध आत्तापासून सुरू कर.

बिडाचा कठडा मात्र काढायचा नाही. ‘इंग्रजी आहे, पेशवाईशी विसंगत’ असं चित्राच्या कडेला लिहिलंय. असेल विसंगत! तो तिथे भाऊकाकांच्या जन्माआधीपासून आहे. पेशवाईतला म्हणून तिथे जो लाकडी कठडा बसवायचा म्हणता, तो कसा होता हे कोणाला माहीत आहे? १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय मसुद्यात, यावर स्वच्छ सांगितलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तुझ्या मित्राने कॉलेजात ती वाचली असणार. दर्शनी भिंतीचं त्याचं चित्र पहिल्या रेघेपासून अंदाज आहे. नव्याने काही करायचंच असेल, समजा जिना, तर आजचा जिना करा, चांगला करा, आणि पायरीच्या आतल्या बाजूला साल कोरून ठेवा. उगाच जुना भासवू नका.

फेरफार सुरू व्हायच्या आत सगळं घर खणाखणाने मोजून, फोटो काढून ठेव. उतरलेल्या प्रत्येक लाकडावर खडूने नंबर घाला, आणि ते लाकूड ठेकेदाराच्या ट्रकात जाऊ देऊ नका. जुन्या सागाला किती गिऱ्हाइकं असतात ते तुला माहीत नाही.

खर्चाच्या वाटणीवरून तुमचं अडलंय असं दादा म्हणाला. खोल्या मोजून वाटणी करायला निघालात तर भांडाल, कारण निम्म्या खोल्या पत्र्याच्या आणि पडद्यांच्या आहेत. खण मोजा. छप्पर, तुळया आणि जोतं यांचा खर्च खणांवर वाटा, आणि मोऱ्या, फरश्या, रंग ज्याचं त्याने बघावं. भाऊकाकांचे दीड खण जास्त भरतील आणि ते आधी नाहीच म्हणतील. त्यांच्याशी मी बोलते, तू त्यात पडू नकोस.

तुझी,
आई